‘पुरुषी अहंकार’ म्हणून मोकळं होऊ नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर आणि मर्दानगीच्या ओझ्यावर पानभर लेख आला. मराठी वृत्तपत्रात हा विषय सहसा दिसत नाही, म्हणून तो दोनदा वाचला. सार असं : हे पुरुष दुखणं अंगावर काढतात, दवाखान्याची पायरी चढत नाहीत, कारण पुरुषी अहंकार आड येतो; तेव्हा मर्दानगीची कल्पना बदला, तब्येती आपोआप सुधारतील. ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्यांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं त्यांच्या हाती वेगळंच आलं आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच असेल तर सुरुवातीला लावावी, बीपीचे आकडे तेवढे ठेवावेत.

आधी फोटोखालच्या ओळीबद्दल. फोटो मेम्फिसचा, २८ मार्च १९६८ चा, अर्नेस्ट विदर्स यांनी टिपलेला. संपावर गेलेल्या सफाई कामगारांची रांगच्या रांग आणि हातोहाती एकच फलक : ‘आय ॲम अ मॅन’. आपण त्याचं मराठी ‘मी मर्द आहे’ असं छापलंत. इंग्रजीत एकाच शब्दात पुरुषही मावतो आणि माणूसही. मराठीत निवड करावी लागते, आणि ‘मर्द’ निवडल्यामुळे अर्थाचं पार वाटोळं झालं. त्या फलकावर ‘ॲम’खाली रेघ ओढलेली आहे, फोटोत नीट दिसते. जोर ‘मॅन’वर नाहीच. मराठीत लिहायचं तर ‘मी माणूस आहे’ लिहून रेघ ‘आहे’खाली मारावी लागेल. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूड यांनी गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी एक पदक घडवलं होतं. त्यावर साखळदंडातला, गुडघे टेकलेला आफ्रिकी माणूस आणि भोवती कोरलेला प्रश्न : मी माणूस नाही का, भाऊ नाही का? १८० वर्षांनी मेम्फिसमधल्या कामगारांनी गुडघे टेकले नाहीत आणि प्रश्नही विचारला नाही.

संपाचं निमित्तही लेखात यायला हवं होतं. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे कचरागाडीच्या पोटात आडोशाला शिरले, कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघे चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत. गळके टब डोक्या-खांद्यावरून वाहायचे, घाण अंगावर ओघळायची, आणि पन्नाशीच्या माणसालाही गोऱ्या मुकादमाने ‘बॉय’ म्हणायचं. दक्षिणेत पद्धतच ती : केस पिकेपर्यंत ‘बॉय’, पिकले की ‘अंकल’, मधल्या उभ्या आयुष्यात ‘मिस्टर’ नाही. आपल्याकडे वरच्या आळीतल्या शाळकरी पोराने गावकुसाबाहेरच्या आजोबाच्या वयाच्या माणसाला ‘अरे’ म्हणायचं, त्याचं नाव तोडून हाक मारायची, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा ‘बॉय’चा अर्थ समजायला मराठी वाचकाला शब्दकोश लागू नये. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच शहरात हत्या झाली, आणि १६ एप्रिलला समझोता होऊन कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली.

मर्दानगी सोडा असं सांगण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की या माणसांच्या तोंडी तो शब्द आला तेव्हा ते प्रौढपण मागत होते, नावापुढे ‘श्री.’ मागत होते.

आता शरीराकडे वळू. अमेरिकेतल्या प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला असतो. शेरमन जेम्स हे साथरोगतज्ज्ञ नॉर्थ कॅरोलायनात याच प्रश्नावर काम करत असताना त्यांची गाठ जॉन हेन्री मार्टिन या कृष्णवर्णीय शेतकऱ्याशी पडली. बटईच्या शेतीत आणि कर्जात जन्मलेला माणूस, शिक्षण जेमतेम. त्यांनी ७५ एकर जमीन घेतली आणि ४० वर्षांत फेडायचं कर्ज ५ वर्षांत फेडून टाकलं. त्यासाठी हाडाची काडं केली. पुढे रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटातल्या अल्सरने त्यांना गाठलं. नावाचा योगायोग विलक्षण होता. जॉन हेन्री हा कृष्णवर्णीय लोककथांमधला रेल्वेचा मजूर, छिन्नी-हातोड्याने खडक फोडणारा. वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच कोसळून मरतो.

जेम्स यांनी १९८३ साली विधानांची एक मोजपट्टी मांडली आणि तिला या नायकाचंच नाव दिलं. विधानं अशा धाटणीची : मी मनावर घेतलं की कितीही कष्ट पडले तरी तडीस नेतो, गोष्टी मनासारख्या होत नाहीत तेव्हा मी आणखी जोर लावतो. उत्तर पाच पायऱ्यांवर द्यायचं, ‘पूर्ण खरं’पासून ‘पूर्ण खोटं’पर्यंत. निघालं असं, की ज्यांचे गुण जास्त आणि हाताशी शिक्षण-पैसा कमी, त्यांचा रक्तदाब सगळ्यांत चढा. गुण जास्त आणि परिस्थितीही बरी, त्यांचा तसा नाही. नंतरच्या सगळ्याच पाहण्यांत हे जसंच्या तसं दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण मुद्दा पटतो. ‘कर्ता पुरुष’ असणं एकटं मारत नाही. साधनांशिवाय कर्ता पुरुष असणं मारतं. यात अहंकार शोधणाऱ्याने आधी पगाराची पावती बघावी.

डॉक्टरकडे न जाण्याचं काय? अलाबामातल्या टस्कीगी इथे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर पाळत ठेवली. ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता, २०१ जणांना नव्हता. ‘रक्त खराब आहे’ एवढंच त्यांना सांगितलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं तेही ‘खास उपचार’ म्हणून. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाताशी आलं, तरी दिलं नाही. शवविच्छेदनाला संमती मिळावी म्हणून अंत्यसंस्काराच्या खर्चाचं आमिष मात्र दाखवलं. जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली. मार्सेला अल्सान आणि मॅरिअन वानामेकर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्या एका बातमीनंतर वयस्क कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यापासून इतके दुरावले, की ४५ व्या वर्षी त्यांचं उरलेलं आयुर्मान दीड वर्षापर्यंत घटलं. १६ मे १९९७ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. अविश्वासाला इतका लेखी पुरावा असताना त्याला अहंकार म्हणणं हा शुद्ध आळस आहे.

अहंकार की अविश्वास, याची परीक्षाही झाली आहे. अल्सान यांनीच ओवेन गॅरिक आणि ग्रँट ग्राझियानी यांच्यासोबत ओकलंडमध्ये प्रयोग केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सलून आणि जुन्या बाजारांतून कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत तपासणीचं बोलावणं गेलं, ६३७ जण आले. डॉक्टर १४, त्यांतले ६ कृष्णवर्णीय. कुणाला कोण मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. आधी टॅबलेटवर डॉक्टरचा फोटो दाखवून विचारलं : वजन-उंची, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, फ्लूची लस, यांपैकी काय काय करून घेणार? फोटो कुणाचाही असो, निवड सारखीच आली. मग डॉक्टरशी प्रत्यक्ष बोलणं झालं आणि पुन्हा विचारलं. समोर कृष्णवर्णीय डॉक्टर होते तिथे होकार स्पष्ट वाढले, आणि सगळ्यांत जास्त वाढले ते बोटाला सुई टोचाव्या लागणाऱ्या तपासण्यांना. पुरुषीपणा दोन्ही खोल्यांत तोच होता. संशोधकांचा अंदाज असा, की एवढ्या एका फरकाने हृदयविकाराच्या मृत्यूंमधली कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पुरुषांतली दरी १९ टक्क्यांनी कमी होऊ शकेल.

आणि आता सलून. लेखात त्याचा एका वाक्यात उल्लेख आहे, ‘न्हाव्यांनीही जनजागृती केली’. जनजागृतीने काय होतं आणि काय होत नाही, हे या सलूनांतच मोजलं गेलं आहे.

गुलामगिरीच्या काळापासून दक्षिणेतला कृष्णवर्णीय न्हावी गोऱ्या गिऱ्हाइकांची दाढी करायचा. ज्याला ‘बॉय’ म्हणायचं त्याच्याच वस्तऱ्याखाली मान द्यायची, असा तो कारभार. १८५८ साली गुलाम म्हणून जन्मलेले अलोन्झो हर्न्डन अटलांटात अशाच सलूनांवर श्रीमंत झाले आणि १९०५ साली त्यांनी विमा कंपनी काढली. पुढे आपल्याच लोकांसाठीची सलून वस्त्यावस्त्यांत उभी राहिली. मालक आपला, गिऱ्हाईक आपलं, दर दोन-तीन आठवड्यांनी तीच खुर्ची, वर्षानुवर्षं तोच हात. राजकारण, बेसबॉल, पोलिसांचा जाच, सगळं तिथे बोललं जातं. पुरुषाने डोकं मागे टाकून डोळे मिटावेत अशा जागा जगात फार नाहीत.

रोनाल्ड व्हिक्टर या हृदयरोगतज्ज्ञांनी आधी डॅलस परिसरात प्रयोग केला. १७ सलून, निकाल २०११ मध्ये आला. काही सलूनांत न्हावी केस कापताना गिऱ्हाइकाचं बीपी मोजत, वाढलेलं दिसलं की डॉक्टरकडे जायला मागे लागत. बाकी सलूनांत नुसती माहितीपत्रकं. रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात दुसऱ्यापेक्षा जवळपास ९ टक्क्यांनी जास्त वाढलं. वाईट नाही, पण जीव टाकावा असंही नाही. कच्चा दुवा सलूनच्या दाराबाहेर होता. न्हाव्याचं ऐकून माणूस दवाखान्यात गेलाच, तर दिवसाची मजुरी बुडणार, तासभर बाकावर बसणार, आणि डॉक्टर १५२ बघून ‘जरा मीठ कमी करा, पुढच्या वेळी बघू’ म्हणणार. पुढची वेळ येतच नाही.

म्हणून लॉस एंजेलिसच्या प्रयोगात त्यांनी दवाखानाच सलूनमध्ये आणला. ५२ सलून, ३१९ पुरुष. वय ३५ ते ७९, सलूनचं नेहमीचं गिऱ्हाईक, आणि वरचं बीपी दोन वेगवेगळ्या दिवशी १४० किंवा त्याहून जास्त. चिठ्ठ्या माणसांच्या नाही, सलूनांच्या टाकल्या. नाहीतर शेजारशेजारच्या खुर्च्यांवर एकाला उपचार आणि दुसऱ्याला नुसता सल्ला, असं झालं असतं, आणि सलूनमध्ये गुपित राहत नाही. निम्म्या सलूनांत न्हाव्याने आहार-व्यायाम सांगायचा आणि डॉक्टरकडे पाठवायचं. उरलेल्यांत खास शिकवलेला फार्मासिस्ट ठरलेल्या वेळी सलूनमध्येच येई. गिऱ्हाइकाच्या डॉक्टरशी आधीच लेखी करार केलेला, त्यामुळे औषध लिहायचा, डोस वाढवायचा अधिकार फार्मासिस्टला. प्रत्येक भेटीनंतरची नोंद डॉक्टरकडे. सहा महिन्यांत माणशी सरासरी सात भेटी.

औषधं साधीच, जेनेरिक. सुरुवातीलाच दोन : ॲम्लोडिपिन आणि जोडीला टेल्मिसार्टनसारखी ‘सार्टन’ गटातली गोळी, किंवा ‘प्रिल’ गटातली. सार्टन बरी, कारण प्रिल गटाने कोरडा खोकला लागतो आणि ओठ-जीभ सुजण्याचा धोका कृष्णवर्णीय रुग्णांत जास्त असतो. शिवाय ॲम्लोडिपिनने घोट्यांना येणारी सूज सार्टनने थोडी कमी होते. एवढ्यावर भागलं नाही तर तिसरं इंडापामाइड. लक्ष्य १३०/८० च्या आत. रक्तातले क्षार आणि किडनीचा आकडा बघायची छोटी तपासणीही सलूनमध्येच, आणि ती हवीच होती, कारण उपचार गटात किडनीला अचानक इजा झाल्याची तीन प्रकरणं निघाली. ही औषधं कुणी मोजमापाशिवाय वाढवू नयेत ती याचमुळे.

निकाल २०१८ मध्ये आला. सुरुवातीचं वरचं बीपी दोन्हीकडे सरासरी १५३-१५५. सहा महिन्यांनी नुसत्या सल्ल्याच्या सलूनांत ९ अंकांनी उतरलं, फार्मासिस्टच्या सलूनांत २७ अंकांनी. १३०/८० च्या आत आलेले एकीकडे ११.७ टक्के, दुसरीकडे ६३.६ टक्के. बीपीच्या गोळ्या घेणारे आधी दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास होते. ते सल्ल्याच्या गटात ६३ टक्क्यांवर गेले, उपचार गटात १०० टक्क्यांवर. मधेच सोडून गेलेले मोजून ५ टक्के. वर्षभराने पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. जे पुरुष अहंकारामुळे औषध घेत नाहीत असं आपला लेख म्हणतो, तेच हे पुरुष. त्यांना कुणी मर्दानगीवर व्याख्यान दिलं नव्हतं.

बीपी मोजण्याबद्दलही लिहायला हवं, कारण असे उपक्रम बहुतेक वेळा तिथेच फसतात. दंडाचा पट्टा ही पहिली चूक. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के हवी. पैलवानी दंडाला नेहमीचा पट्टा आवळला की आकडा खोटाच जास्त येतो, आणि धडधाकट माणूस उगाच रुग्ण ठरतो. लहान, मध्यम, मोठा असे तीन पट्टे नसतील तर मशीन आणूच नये. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. सलूनच्या कापडावरून किंवा शर्टाच्या बाहीवरून नाही. हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला हवा, आणि न्हाव्याच्या खुर्चीचा हात बहुधा खाली पडतो, तेव्हा खाली घडी घातलेला टॉवेल द्यावा. पाठ टेकलेली, पाय पायटीवर सपाट. पायावर पाय असेल तर काही अंक वाढतात. आधी पाच मिनिटं शांत बसणं, अर्ध्या तासात चहा-कॉफी-सिगारेट नाही, लघवीला जाऊन आलेला माणूस. आणि तोंड बंद! बोलताना आकडा दहाने चढू शकतो, आणि सलूनमध्ये माणसाला गप्प बसवणं हीच सगळ्यांत अवघड पायरी. म्हणून मोजायचं ते कापायच्या आधी, कोपऱ्यातल्या खुर्चीत. एक-एक मिनिट सोडून दोन-तीनदा मोजून सरासरी धरायची. एका दिवसाच्या आकड्यावरून कुणालाही रुग्ण म्हणायचं नाही.

न्हाव्याची भाषाही महत्त्वाची. ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सगळ्यांसमोर म्हटलं की गिऱ्हाईक गेलं, आणि सलूनचंही नुकसान. ‘वरचा १५० आलाय, गुरुवारी फार्मासिस्ट येतोय, कटिंग तेव्हाच ठेवू’ एवढंच पुरतं. सल्ला त्यात असतो, पण माणसाला मान खाली घालावी लागत नाही.

याचा अर्थ मर्दानगीवर कुणी पुनर्विचार करू नये असा नाही. कृष्णवर्णीय समाजात तो आपल्या लेखकाला वाटतो त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि बऱ्याचदा कामातून झाला आहे. ब्लॅक पँथर हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढाऊ पक्ष म्हटला की मराठी माणसाला बंदुका आणि काळी जाकिटं आठवतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव तिथूनच घेतलं. पण जानेवारी १९६९ मध्ये त्याच जाकिटातले तरुण ओकलंडच्या एका चर्चमध्ये पहाटे उठून शाळकरी मुलांना नाश्ता वाढत होते, ताटं विसळत होते. नंतर त्यांनी मोफत दवाखाने चालवले, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या केल्या. १५ ऑगस्ट १९७० च्या भाषणात पक्षाचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन यांनी कार्यकर्त्यांना बजावलं, की बाईला गप्प करावंसं वाटणं आणि समलिंगी माणसावर हात उगारावासा वाटणं हे आपल्या भीतीतून येतं. १९७० सालच्या क्रांतिकारी पुरुषाच्या तोंडी हे वाक्य आहे! संघटनेतल्या बायकांना प्रत्यक्षात काय सोसावं लागलं ते वेगळं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. १९७४ ते १९७७ पक्षाची सूत्रं इलेन ब्राउन यांच्या हाती होती.

उलट दिशेची पावलंही पडली. मार्च १९६५ च्या सरकारी अहवालात डॅनिएल मॉयनिहान यांनी बायकांच्या हाती असलेलं घर हाच कृष्णवर्णीय कुटुंबाचा मोठा दोष ठरवला, आणि तरुणांना निखळ पुरुषी वातावरण मिळावं म्हणून लष्कराची वाट सुचवली. तेव्हा व्हिएतनाम पेटलेलं होतं. १६ ऑक्टोबर १९९५ ला वॉशिंग्टनमध्ये पुरुषांचा प्रचंड मेळावा भरला, त्यात बायकांनी घरी राहावं असं सांगण्यात आलं. कृष्णवर्णीय स्त्रीवादी कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्यासारख्यांनी तेव्हाच हरकत घेतली. बापपण सोडून पळालेला कृष्णवर्णीय पुरुष हे चित्र आपल्या लेखातही आहे. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य आकडेवारी केंद्राने २०१३ मध्ये छापलेलं कोष्टक लेखकाने बघावं. पाच वर्षांखालच्या मुलांसोबत राहणाऱ्या बापांपैकी मुलांना रोज अंघोळ घालणं, कपडे घालणं, लंगोट बदलणं किंवा त्यात हातभार लावणं हे करणारे कृष्णवर्णीय ७० टक्के, गोरे ६० टक्के, हिस्पॅनिक ४५ टक्के. घराबाहेर राहणाऱ्या बापांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत जास्त आहे हे खरं. पण घरात असलेल्यांना त्याची शिक्षा का?

सलूनचंही फार कौतुक करू नये. तीच खुर्ची समलिंगी तरुणाला टोमण्यांची जागा वाटू शकते, आणि बायकांवरचे विनोद तिथे जितके सहज होतात तितके दुसरीकडे होत नाहीत. ज्याला तिथे बसवतच नाही त्याचं बीपी या प्रयोगाच्या आकड्यात आलेलंच नाही.

हे वाचून आपल्याकडे कुणीतरी संस्था ‘सलूनमध्ये बीपी शिबिर’ जाहीर करणार, म्हणून शेवटचं. भारतात फार्मासिस्टला औषध लिहून देता येत नाही. ते तसंच ठेवून नुसतं मोजायचं म्हटलं तर हाती लागेल ते डॅलस, लॉस एंजेलिस नव्हे. निदान आठवड्यातून एक संध्याकाळ डॉक्टर सलूनमध्ये बसेल, किंवा फोनवर त्याच वेळी मिळेल, एवढी सोय आधी लागेल. दुसरं, तिथला न्हावी गिऱ्हाइकाच्या बरोबरीचा, बहुतेकदा दुकानाचा मालक. आपल्याकडे हा धंदा जातीला चिकटलेला आहे. गावात गिऱ्हाईक न्हाव्याला अरेतुरे करतं, आणि त्याच न्हाव्याने दलितांचे केस कापायला नकार दिल्याचा इतिहासही फार जुना नाही. तेव्हा सलून ही इथे सगळ्यांची हक्काची जागा आहे असं गृहीत धरता येत नाही; वस्तीनुसार तालीम, रिक्षा स्टँड, गिरणीचं गेट यांतलं काय ते ठरवावं लागेल. मात्र धंद्यातल्या माणसांनी ठरवलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याकडेही आहे : १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं जाहीर केलं होतं.

तिसरं, रविवार सोडावा. रविवारी सकाळी नंबर लावून बसलेल्या गर्दीत कुणालाही पाच मिनिटं गप्प बसवता येणार नाही. मंगळवार ते गुरुवारची दुपार बरी. आणि न्हाव्याच्या वेळेचे पैसे, मशीनचे सेल, दर वर्षी मशीनची अचूकता तपासून घेण्याचा खर्च, आणि पट्टा फाटला की नवा कोण आणणार, हे उद्घाटनाच्या फोटोआधी कागदावर लिहून सलूनच्या आरशाशेजारी चिकटवावं.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव न छापण्याची विनंती)